पडलेला दुधाचा दात परत बसवू नका

सुगीत मोठी माणसे खळ्यावर गुंतलेली असतात आणि पोरे ट्रॉलीच्या फळीवर, नाहीतर ओट्यावर उड्या मारत असतात. एखादे तोंडावर आपटते आणि समोरचा दात मुळासकट बाहेर येतो.

मागे कांद्याचे रोप पाहायला एका गावी गेलो, तर एक आजीबाई चार वर्षांच्या नातवाचा दात पदराच्या गाठीला बांधून बसलेल्या. म्हणाल्या, "सायेब, उपटल्यालं रोप तुमी दुसरीकडं लावाया सांगता, मंग ह्यो दात का लागंना?" प्रश्न बिनतोड होता. पण दुधाच्या दाताखाली, हिरडीच्या आत, पक्क्या दाताचा अंकुर वाढत असतो. पडलेला दात पुन्हा आत दाबला तर त्या अंकुरालाच इजा होते. पुढचा दात डागाळलेला किंवा वेडावाकडा येऊ शकतो.

मुलाला मांडीवर बसवून डोके किंचित पुढे झुकवावे. स्वच्छ सुती कापडाची घडी गार पाण्यात भिजवून जखमेवर 10 मिनिटे हलके दाबून धरावी. सारखी उचलून पाहू नये. हळद, चुना, मिसरी यांतले काहीही त्यात भरू नये.

मग दात शोधावा. सापडला नाही, तर तो हिरडीत वर घुसलेला असू शकतो किंवा गिळलेला. मुलाला ठसका लागत असेल, छातीत घरघर असेल, तर दात श्वासनळीत गेल्याची शंका घ्यावी. अशा वेळी, किंवा उलटी, गुंगी, बेशुद्धी असेल, रक्त थांबत नसेल, तर काम टाकून तडक इस्पितळ गाठावे. एरवीही त्याच दिवशी दंतवैद्याला दाखवावे. दात आणि लसीकरणाचे कार्ड बरोबर न्यावे. धनुर्वाताच्या लसीचे तेथे विचारतात. दात एकदा पाहून झाला, की कौलावर टाका नाहीतर तुळशीत पुरा, ज्याच्या त्याच्या घरची रीत!

पक्क्या दाताचे मात्र उलटे आहे. सहा-सात वर्षांपुढच्या मुलाचा पक्का दात पडला तर मुळाला हात न लावता वरच्या पांढऱ्या भागाला धरून उचलावा, मळला असल्यास दुधात किंवा स्वच्छ पाण्यात क्षणभर धुऊन लगेच जागेवर बसवावा. जमत नसेल तर पेलाभर दुधात बुडवून तासाच्या आत दंतवैद्याकडे पोचावे. जितके लवकर तितके बरे. दात कोणता हे कळेना, तरी दुधातच ठेवून न्यावा.

दुधाचा दात पडलेल्या मुलाला काही दिवस मऊ भात, खिचडी द्यावी. हिरडीवर फोड किंवा सूज आली तर पुन्हा दाखवावे. वरचे पुढचे पक्के दात सात-आठ वर्षांच्या सुमारास येतात, कधी थोडे उशिराही. तोवर समोर फट राहील, पण पोर भाकरी चावायला शिकते.