गोंदिया की पुणे? वैद्यकीय प्रवेशाचा ताळेबंद

नीटचा निकाल लागून राज्याची गुणवत्ता यादी प्रसिद्ध झाली, की अनेक व्यापारी कुटुंबांत एकच चर्चा सुरू होते. मुलाने किंवा मुलीने डॉक्टर व्हायचे हे ठरलेले असते आणि गुणही पुरेसे असतात; प्रश्न उरतो तो महाविद्यालयाचा आणि शहराचा. पसंतीक्रम भरण्यास अवघे काही दिवस मिळतात आणि तेवढ्यात पुढील साडेपाच वर्षांचा निर्णय घ्यावा लागतो. दुकानासाठी गाळा घेताना चार महिने चौकशी करणारी माणसे या वेळी मात्र एखाद्या नातलगाच्या फोनवर विसंबून राहतात.

उदाहरणादाखल सांगलीच्या बाजारपेठेतील एक कुटुंब डोळ्यांसमोर आणावे. मुलीच्या गुणांनुसार दोन जागा आवाक्यात आहेत. एक गोंदियाच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात, दुसरी पुण्यातील एका खासगी महाविद्यालयात. पुण्यात मामाचे घर आहे आणि शनिवारी निघालेली मुलगी रात्रीच्या आत घरी पोहोचते. गोंदिया म्हणजे मिरजेहून महाराष्ट्र एक्स्प्रेसने एका दिवसाहून अधिक प्रवास. आजी म्हणते, ‘लेक इतक्या लांब नको.’ वडिलांची ऐपत आहे. पुण्याच्या बाजूने कौल पडल्यातच जमा असतो. तरीही ताळेबंदाच्या दोन्ही बाजू मांडल्याशिवाय त्यावर सही होऊ नये.

प्रथम पैशांची बाजू. प्रत्येक महाविद्यालयाचे शुल्क वेगळे असते, म्हणून हिशेबापुरते खासगी शुल्क वार्षिक १२ लाख आणि शासकीय दीड लाख रुपये धरावे. साडेचार वर्षांचे खासगी शुल्क ५४ लाख होते, तर शासकीय पावणेसात लाख. लांबच्या प्रवासाचे दोन-सव्वादोन लाख गोंदियाच्या नावे टाकले तरी फरक ४५ लाखांचा राहतो. धंद्यात फिरणारे हे भांडवल बाहेर गेले, तर ९ टक्के दराने वर्षाला ४ लाख ५ हजार रुपयांचे व्याज त्यावर सुटते. शिवाय वैद्यकीय शिक्षण एमबीबीएसने संपत नाही. पुढे एमडी किंवा एमएसची तीन वर्षे असतात. तो प्रवेश नीट पीजीच्या गुणांवर मिळतो. एमबीबीएस कोठून केले याला तेथे गुण नाहीत. सारी शिल्लक पहिल्याच पदवीवर खर्च झाली, तर पदव्युत्तर शिक्षणाच्या वेळी तिजोरी रिकामी असते. असा पेच पडला की बहुधा मुलीलाच ‘आता पुरे’ असे सांगितले जाते.

खासगी महाविद्यालयांचे शुल्क राज्याचे शुल्क नियामक प्राधिकरण ठरवते. अभिमत विद्यापीठांचा प्रवेश आणि शुल्क यांची पद्धत निराळी आहे. ठरलेल्या शुल्काखेरीज कोणी रक्कम मागितल्यास ती देऊ नये. १९८७ च्या राज्य कायद्याने देणगी शुल्कास बंदी आहे. ज्या पैशाची पावती नाही, तो व्यवहार व्यापाऱ्याच्या वहीत बसत नाही.

ऐपत असली तरी काही भाग शैक्षणिक कर्जातून उभा करण्याचा विचार करावा. बँकांच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत सामान्यतः साडेसात लाखांपर्यंत तारण मागितले जात नाही आणि परतफेड अभ्यासक्रम संपल्यावर एका वर्षाने सुरू होते. आयकराच्या जुन्या पद्धतीत भरलेल्या व्याजाची आठ वर्षांपर्यंत वजावट मिळते. मुलीच्या नावावर कर्ज असले की शिक्षणाची किंमत तिलाही कळते, आणि पुढे फेडीच्या वेळी बँकेत तिची स्वतःची पत तयार होते.

दुसरी बाजू शिकण्याची, आणि ती अधिक महत्त्वाची. दोन्ही महाविद्यालये नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न असतील, तर परीक्षा एक आणि पदवीही एकच. फरक पडतो तो रुग्णशय्येजवळ. गोंदियाच्या रुग्णालयात केवळ जिल्ह्यातीलच नव्हे, तर शेजारच्या मध्य प्रदेश आणि छत्तीसगडमधील रुग्णही येतात. पूर्व विदर्भात आढळणारा सिकलसेल हा आजार तेथील विद्यार्थी पुस्तकाबरोबरच प्रत्यक्ष रुग्णांतही पाहतो. मात्र हे महाविद्यालय २०१६ मध्ये सुरू झालेले आहे. तुलनेने नव्या संस्थेत प्रत्येक विभागाला प्राध्यापक आहेत का, वसतिगृहात जागा पुरेशा आहेत का, हे विचारलेच पाहिजे. खासगी महाविद्यालयाची इमारत देखणी असेल. परंतु वॉर्डातील खाटा खरोखर भरलेल्या आहेत का, हा प्रश्न तेथे तितकाच आवश्यक. काही खासगी संस्थांच्या मोफत वॉर्डांत रुग्णांची रीघ असते, काहींत नसते.

याची उत्तरे माहितीपत्रकात मिळत नाहीत. मुलीला घेऊन दोन्ही ठिकाणी जावे. सकाळी बाह्यरुग्ण विभागात तासभर बसावे, अपघात विभाग पाहावा आणि तिसऱ्या वर्षाच्या दोन विद्यार्थ्यांशी व एका इंटर्नशी बोलावे. टाके घालायला मिळतात का, प्रसूती स्वतः करू देतात का, इंटर्नशिपचे विद्यावेतन वेळेवर मिळते का, एवढे तीन प्रश्न पुरेत. शासकीय जागा घेतल्यास एक वर्षाच्या शासकीय सेवेची अट असते, हेही ध्यानात ठेवावे.

तिसरी बाजू राहणीची. मेसमध्ये कांदा-लसणाविना भोजन मिळेल का, सूर्यास्तापूर्वी जेवणे जमेल का, ही काळजी आपल्या घरांत स्वाभाविक आहे. पण रात्रपाळी पुण्यातही असते. गोंदिया हे भातगिरण्यांचे आणि व्यापाऱ्यांचे गाव आहे. तेथील समाजबांधवांशी आधी बोलल्यास घरच्या डब्याची सोय होऊ शकते. उलट, मामाच्या घरून रोज दीड तास जाण्या-येण्यात घालवणारी मुलगी ग्रंथालयाचा वेळ गमावते.

अंतराच्या प्रश्नात आणखी एक गोष्ट लपलेली असते. हीच जागा मुलाला मिळाली असती, तर ‘इतक्या लांब नको’ असे घरातील किती जण म्हणाले असते? मुलीच्या सुरक्षिततेची काळजी खरी आहे. ती वसतिगृहाच्या अधीक्षिकांना भेटून आणि तेथे राहणाऱ्या मुलींना विचारून दूर करावी. चौकशीअंती पुणेच योग्य ठरले तर त्यात कमीपणा नाही. मात्र कारण लेखी मांडता येण्यासारखे असावे.

शेवटी प्रक्रिया. जागावाटपात पसंतीक्रम वरून खाली पाहिला जातो; म्हणून क्रम खऱ्या इच्छेनुसार भरावा आणि जेथे जायचेच नाही ते नाव घालू नये. मिळालेली जागा कायम ठेवायची असल्यास तसा अर्ज द्यावा लागतो, अन्यथा पुढच्या फेरीत वरच्या पसंतीची जागा मिळताच आधीची जाते. त्या वर्षाची माहितीपुस्तिका वडिलांनी व मुलीने सोबत बसून वाचावी. आजीची भीती, वडिलांचा हिशेब आणि मामांचा सल्ला ऐकून झाल्यावर पसंतीक्रम मात्र मुलीने स्वतः भरावा. साडेपाच वर्षे त्या वॉर्डात तिलाच उभे राहायचे आहे.