रंकाळ्याचा नाला आधी अडवा!

मी शिवाजी पेठेतली. रंकाळा आमच्या हाकेच्या अंतरावर. काठावर दिवे, बाकडी, बाग झाली की आपण खूश होतो. पण मैत्रिणींनो, तळ्याचं आरोग्य काठावर नाही, पाण्यात ठरतं. श्याम सोसायटीच्या नाल्यातून वर्षानुवर्षं सांडपाणी आलं. मैल्यातलं आणि साबणातलं नत्र-स्फुरद म्हणजे केंदाळाला आयतं खत! ते माजतं, कुजतं, पाण्यातला प्राणवायू संपतो आणि मासे तडफडून मरतात. नुसतं केंदाळ काढत राहणं म्हणजे नळ चालू ठेवून फरशी पुसणं.

कपडे धुऊ नका, निर्माल्य टाकू नका, हे बायकांना लगेच ऐकवलं जातं. बरोबरच आहे, आपण ते पाळूच. गणपती कुंडात सोडायलाही शिकलोच की! पण बादलीभर फेसाचा हिशेब मागणाऱ्यांनी नाल्याचाही द्यावा. घाण पाणी तलावात सोडायला १९७४ च्या कायद्यानंच बंदी आहे.

असं एखादं तळं तुमच्याही गावात असेल. मत मागायला कुणी दारात आलं, की एवढंच विचारा, "बागेचं राहू दे, नाला कधी अडवताय?"