दराची पाटी कुणी उतरवली?

बारामतीहून इंदापूरला जाणारी एस.टी. भवानीनगर, सणसर, जंक्शन, लासुर्णे, निमगाव केतकी असे थांबे घेत जाते. तिचं भाडं टप्प्यावर ठरतं, सहा किलोमीटरचा एक टप्पा. १७ मार्च २०२३ पासून बाईला अर्धं तिकीट आहे. ते फाडताना कंडक्टर विचारत नाही, की बाई, तू कुठे कामाला आहेस, मागच्या महिन्यात किती वेळा माहेरी गेलीस, तुझ्या हातातला फोन कितीचा आहे. बाई आहे एवढं पुरतं. शेजारी बसलेल्या बाईचं तिकीटही तेवढ्याचंच आहे, हे दोघींना दिसतं. या अर्ध्या तिकिटावरून पारावर जे विनोद झाले त्यांचा समाचार पुन्हा केव्हातरी घेऊ. आज त्या तिकिटातली एकच गोष्ट धरून बोलायचं आहे. तो दर उघडा आहे.

उघडा दर मोडीत काढायचं काम जिथे फार सफाईने झालं आहे ते ठिकाण आपल्यापासून लांब आहे. समुद्रावरची पर्यटन-जहाजं, ज्यांना सगळे क्रूझ म्हणतात. इंदापूरच्या बाईचा क्रूझशी काय संबंध, असं कुणी विचारेल. थोडाफार संबंध आता येऊ लागला आहे. सप्टेंबर २०२१ मध्ये कॉर्डेलिया कंपनीचं जहाज मुंबईहून गोवा-लक्षद्वीपच्या सफरी करू लागलं. पंढरपूर-तुळजापूरपलीकडे न गेलेल्या बायकाही महिला-विशेष सहलींच्या जाहिराती वाचतात. वाचाव्यातच. बाईने नुसत्या मौजेसाठी घराबाहेर पडणं ही आपल्याकडे लहान गोष्ट नाही. पण जहाजांकडे बघायचं ते त्यांच्या हिशेबाच्या रीतीसाठी, आणि ती रीत घडवली आहे ती मुख्यतः अमेरिकेतल्या बड्या कंपन्यांनी.

जहाज बंदरातून सुटलं की रिकामी राहिलेली खोली वाया गेली. म्हणून शेवटच्या दिवसापर्यंत दर खालीवर होत राहतो. इथवर समजण्यासारखं आहे. बाजार उठायच्या वेळी मेथीची जुडी स्वस्त होते, तसंच ते. पण कंपनीची कमाई नुसत्या तिकिटावर नसते. दारू, जुगार, मसाज, फोटो, बंदरात उतरून करायच्या सहली यांवरही ती असते. जहाजावर बहुतेक व्यवहार रोखीने होत नाहीत. खोलीचं दार उघडणारं कार्डच दुकानात चालतं आणि खर्च खोलीच्या नावावर चढतो. सफर संपते तेव्हा कोणत्या प्रवाशाने काय, केव्हा आणि कितीला घेतलं याची वही कंपनीजवळ आयती तयार असते. जानेवारी २०१७ मध्ये कार्निव्हल कंपनीने आपल्या प्रिन्सेस जहाजांसाठी नाण्याएवढी एक चकती जाहीर केली. गळ्यात किंवा मनगटावर घालायची. दार तिनेच उघडतं, पैसे तिनेच जातात, आणि माणूस जहाजावर नेमका कुठे आहे हेही तिच्यावरून कळतं.

ही वही पुढच्या सफरीचा दर ठरवायला उपयोगी पडते. जुगाराच्या टेबलावर कोण किती वेळ बसतो, किती लावतो याची नोंद ठेवून त्या माणसाला पुढची खोली फुकट किंवा नाममात्र दरात देऊ करतात. हे चोरून चालत नाही. रॉयल कॅरिबियन कंपनीच्या अशा योजनेला ‘क्लब रोयाल’ असं नावसुद्धा आहे. बाकीच्यांना वय बघून, कोणत्या राज्यात राहता ते बघून, आधी किती वेळा आलात ते बघून वेगवेगळ्या सवलती. तक्त्यावर एक दर छापलेला असतो, पण तो भरणारा माणूस आणि त्याच्या शेजारच्या खोलीतला माणूस यांनी दिलेले पैसे जुळतीलच असं नाही. कंपनी यालाच ग्राहकाची कदर म्हणते. माणूस बघून दिलेली सूट म्हणजे माणूस बघून लावलेला दरच. ज्याला सूट मिळाली नाही त्याला तो वाढीव पडला, आणि पडला हे त्याला कळलंसुद्धा नाही.

एकट्या बाईची तर निराळीच गत आहे. जहाजाचे दर एका खोलीत दोघं राहणार असं धरून माणशी लावतात. एकटीच जाणार असाल तर त्यावर वेगळी रक्कम पडते, कित्येकदा जवळजवळ दुसऱ्या माणसाचं पूर्ण भाडं. खोली दोघांची आहे, हे कारण खोटं नाही. पण त्या हिशेबात विधवा, परित्यक्ता, लग्न न केलेली, आणि नवऱ्याला घरी ठेवून चार दिवस समुद्र बघावा अशी साधी इच्छा असलेली, या सगळ्याजणी अर्धी जोडी ठरतात. आपल्या भागात दिवाळीनंतर उसाच्या फडावर जे मजूर येतात त्यांचा हिशेब आठवा. नवरा-बायको मिळून एक कोयता, एकटं माणूस म्हणजे अर्धा कोयता. एवढ्या मोठ्या जहाजावर तोच हिशेब निघावा याचं मला तरी फार नवल वाटलं नाही.

माणूस बघून दर लावणं ही काही संगणकाने शोधलेली युक्ती नव्हे. सावकार तेच करत होता. कुणाच्या घरी लग्न काढलं आहे, कुणाची म्हैस मेली, कुणाला रात्रीत दवाखान्यात पैसे भरायचे आहेत, हे त्याला ठाऊक असे आणि व्याज त्यावर ठरे. मुकादम उचल देताना अजूनही घरची अडचण बघतो. फरक एवढाच, की सावकार आपल्याला ओळखतो हे आपल्याला माहीत होतं. त्याचं दार कुठे आहे हेही माहीत होतं.

उलट बाजूला, आपल्याच दोन तालुक्यांत उघड्या दराची चांगली सवय आहे. दूध घेऊन डेअरीत गेलेली बाई फॅट आणि एसएनएफचा तक्ता बघते. तिचं दूध लागलं तसा दर. मापात कुणी मारतं, त्यावर भांडणं होतात, होऊ द्यात. पण या बाईच्या मुलीचं लग्न आहे, हिला पैशाची निकड आहे, तेव्हा हिला लिटरमागे दोन रुपये कमी दिले तरी ही दूध परत नेणार नाही, असा हिशेब तक्त्यात बसत नाही. उसाचंही तसंच. माळेगावने काय दिला, सोमेश्वरने काय दिला, मग आमच्या कारखान्याने कमी का, ही चर्चा बारामतीत आणि इंदापुरात चहाच्या प्रत्येक टपरीवर होते. आंदोलनं त्यातूनच उठली. सभासदागणिक वेगळा दर असता आणि तो ज्याच्या त्याच्या फोनवर गुपचूप आला असता, तर कुणी कुणाकडे बोट दाखवलं असतं? ज्यांच्या नावावर सातबारा नाही त्या बायकांना या चर्चेत कुणी बसवून घेत नाही, ही आपली जुनी तक्रार आहेच. तरी चर्चा उघड्यावर होते म्हणून ती चुलीपर्यंत पोचते.

हाच माझ्या मते या सगळ्या प्रकरणाचा गाभा आहे. चार पैसे जास्त गेले यापेक्षा मोठं नुकसान म्हणजे चौघींचं दुःख एकसारखं राहत नाही. १९७२ साली मुंबईत महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती उभी राहिली. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर अशा वेगवेगळ्या पक्षांच्या बाया एकत्र आल्या, आणि गृहिणी लाटणी घेऊन, थाळ्या वाजवत रस्त्यावर उतरल्या. तेलाचा, साखरेचा भाव सगळ्यांना सारखाच जाचत होता म्हणून ते जमलं. ज्या बाजारात प्रत्येकीचा भाव निराळा, त्या बाजाराविरुद्ध मोर्चा कोणत्या घोषणेने काढायचा? शेजारणीला सूट मिळाली आणि मला नाही, याचा राग शेजारणीवरच निघण्याची भीती जास्त.

ही रीत जहाजावरून खाली उतरली आहे का? जानेवारी २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ओला आणि उबर या टॅक्सी कंपन्यांना नोटिसा काढल्या. एकाच प्रवासाला आयफोनवर एक भाडं आणि अँड्रॉइड फोनवर दुसरं, अशा तक्रारी होत्या. दोन्ही कंपन्यांनी इन्कार केला. आरोप खरा मानायचा की इन्कार, हे ठरवायला प्रवाशाच्या हातात काही नसतं, कारण तिला फक्त तिचं भाडं दिसतं. पुण्याला ससूनमध्ये माणूस दाखल आहे, रात्रीची वेळ आहे, फोनची बॅटरी संपत आली आहे, अशा वेळी बाई भाडं ताडून बघत बसत नाही.

कर्जाच्या बाबतीत तर हे आपल्या दारातच आहे. घरोघरच्या बाया ज्या मायक्रोफायनान्स कंपन्यांचे हप्ते भरतात, त्यांच्या व्याजावर असलेली मर्यादा रिझर्व्ह बँकेने १ एप्रिल २०२२ पासून काढून टाकली. कंपनीने आपलं धोरण ठरवावं आणि कर्जदाराच्या वर्गाप्रमाणे दर लावावा. तुम्ही आधी कुणाकडून किती घेतलं, कोणता हप्ता चुकला, ही नोंद आता एका कंपनीपुरती राहत नाही. म्हणजे एकाच आळीतल्या दोघींना वेगळा दर लागू शकतो. पण त्याच नियमांत एक अट आहे, आणि ती आपल्या कामाची आहे. कंपनीने प्रत्येक कार्यालयात सगळ्यात कमी, सगळ्यात जास्त आणि सरासरी व्याजदर ठळक दिसेल असा लावला पाहिजे, आणि कर्ज देण्याआधी खर्चाचं साधं पत्रक बाईच्या हातात दिलं पाहिजे. म्हणजे पाटी कायद्यात आहे. भिंतीवर आहे का, हे जाऊन बघायचं काम गटांचं.

प्रवासभाड्याला अशी पाटी नाही. नाही म्हणायला, राज्य सरकारने एप्रिल २०१८ मध्ये ठरवून दिलं, की खासगी प्रवासी बसने गर्दीच्या हंगामातही एस.टी.च्या दीडपटीपेक्षा जास्त भाडं घेऊ नये. दिवाळीत पुण्याहून गावी येणारी कोणीही सांगेल ते किती पाळलं जातं. तरीही दराला वरची रेघ मारता येते, हे सरकारनेच दाखवून दिलं आहे. अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्याने २०२५ साली निराळा कायदा केला. ग्राहकाची खासगी माहिती वापरून यंत्राने किंमत ठरवली असेल तर किमतीच्या जवळच तसं लिहायचं. रीत बंद केली नाही, नुसतं सांगायला लावलं, तरी व्यापाऱ्यांची संघटना कोर्टात गेली होती. सांगण्याचीच एवढी भीती!

आपल्याकडे व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला, नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. माहिती कशासाठी घेता ते सांगा, संमती घ्या, काम झालं की पुसून टाका, असं त्यात आहे. किमतीबद्दल त्यात शब्द नाही. आणि संमती कुणाची? सिम नवऱ्याच्या नावावर, ओ.टी.पी. मुलाच्या फोनवर, ‘मान्य आहे’ हे बटण दुकानदार दाबतो. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात मात्र एक जागा आहे. ग्राहकाने विश्वासाने दिलेली माहिती कायदा सोडून तिसऱ्याला देणं ही त्यात अनुचित व्यापारी प्रथा धरली आहे. सोनाराकडे, कापडदुकानात, सहलीच्या कचेरीत बिलाआधी मोबाइल नंबर मागतात, तेव्हा ‘कशाला हवा?’ एवढं विचारायला या कायद्याचा आधार पुरे. नंबर न देताही बिल मिळतं.

मागणी काय करायची, ती अशी मला सुचते. भाडं असो, व्याज असो की सहलीची वर्गणी, मूळ दर, सगळ्यात जास्त दर आणि कोणत्या कारणासाठी कोणती सूट, हे लिहून लावलं पाहिजे. तुमची माहिती बघून दर काढला असेल तर तो काढल्याचं मराठीत सांगितलं पाहिजे. एकट्या प्रवाशाला वाढीव रक्कम लावायची तर ती सुरुवातीच्याच आकड्यात दाखवली पाहिजे, बुकिंगच्या शेवटच्या पायरीवर नव्हे.

मागणीपत्राबरोबर जोडायला पुरावा लागेल, आणि तो गोळा करणं अवघड नाही. बचत गटाच्या पुढच्या बैठकीला पाचजणींनी आपापले फोन घेऊन बसावं. त्यात एक महागाचा, एक जुना, एक नवऱ्याच्या नावाचा असावा. एकाच क्षणी, एकाच तारखेचा, एकाच गाडीतल्या एकाच प्रकारच्या जागेचा दर पाचहीजणींनी काढावा आणि कागदावर मांडावा. थोडं मागेपुढे झालं तर जागा भरत गेल्यामुळेही दर बदलतो, तेव्हा घाईने कुणावर आरोप नको. दोन-तीन बैठकांत पुन्हा पुन्हा करून बघावं. कागदावर तारीख, वेळ आणि फोनचा प्रकार लिहायला विसरू नका, आणि एक प्रत आमच्याकडे पाठवा.