फाइलवरचे वजन

“फाइलवर वजन ठेवा, नाहीतर उडून जाईल.” शिरूर-दौंडच्या पट्ट्यात हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलो. सांगणारा बहुधा भला माणूस असतो. आपले हेलपाटे वाचावेत म्हणून तो अनुभवाचे चार शब्द सांगतो. पण मध्यंतरी एका लग्नाच्या पंगतीत, रांजणगावात बरीच वर्षे धंदा केलेल्या एका जाणत्या गृहस्थांनी या वाक्याला तत्त्वज्ञानाची बैठक दिली. म्हणाले, “लाच म्हणजे वंगण हो. यंत्राला तेल लागतं तसं व्यवस्थेलाही लागतं. ते होतं म्हणून एवढे कारखाने इथं आले. नाहीतर आपली आफ्रिका झाली असती.”

त्यांच्या एवढ्याशा बोलण्यात दोन विधाने आहेत आणि ती एकमेकांना छेद देतात. आफ्रिका भ्रष्टाचाराने बुडाली आणि आपण भ्रष्टाचाराने तरलो, असा त्यांचा अर्थ. एकच विष तिकडे मारते आणि इकडे औषध होते, हे कसे? पंगतीत वाद घालणे शोभले नसते. म्हणून इथे घालतो.

वंगणाचा सिद्धांत काही त्या गृहस्थांनी शोधलेला नाही. नॅथॅनिएल लेफ या अर्थशास्त्रज्ञाने १९६४ साली तो मांडला आणि सॅम्युएल हंटिंग्टनने १९६८ मध्ये त्याला प्रतिष्ठा दिली. नियम जाचक असतील तर लाच ही त्यातून काढलेली पळवाट असते आणि पळवाटेने का होईना उद्योग पुढे जातो, असे त्यांचे म्हणणे. गंमत अशी, की त्याच १९६४ साली आपल्याकडे संथानम समितीचा अहवाल आला होता. फाइल लवकर हलावी म्हणून दिलेले पैसे हेच फाइल अडवण्याचे कारण बनतात, हे त्यातून दिसत होते. गुन्नार मिर्दाल यांनी ‘एशियन ड्रामा’त हाच धागा पकडला. अधिकाऱ्याला उशिराचे पैसे मिळू लागले की तो उशीर तयार करतो. पुढे १९९९ मध्ये कौफमन आणि वेई यांनी अनेक देशांतल्या कंपन्यांची माहिती तपासली, तेव्हा जास्त लाच देणाऱ्या कंपन्यांचाच जास्त वेळ सरकारी माणसांशी बोलण्यात जातो असे आढळले. वंगण खरे असते तर उलटे दिसायला हवे होते.

हे मला पुस्तकात वाचण्याआधी माझ्या मावसभावाच्या प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये दिसले होते. त्याची पत्र्याचे ब्रॅकेट दाबण्याची छोटी शेड आहे. तेव्हा बारा कामगार होते, तीन प्रेस. मोठ्या कंपनीला माल देणाऱ्याला माल देणारा, असा त्याचा नंबर. काम वाढले, चौथी प्रेस बुक केली, बँकेचे कर्ज मंजूर झाले आणि एका परवान्यासाठी त्याने अर्ज केला. कुठल्या कार्यालयात ते लिहीत नाही. पहिली त्रुटी निघाली ती सातबारा तीन महिन्यांपेक्षा जुना असल्याची. त्याने नवा काढून दिला. मग नकाशाच्या दुसऱ्या पानावर सही नसल्याचे कळले. ती करून दिली. त्यानंतर तिसरे पत्र आले: सातबारा तीन महिन्यांपेक्षा जुना. त्यांच्याच कपाटात पडून तो पुन्हा म्हातारा झाला होता! खिडकीपाशी बसणारा मुलगा पगारी कर्मचारीच नव्हता. लोक त्याला ‘झिरो’ म्हणतात. साहेबांचा दर त्यानेच सांगितला. भावाने शेवटी पैसे दिले आणि चार दिवसांत सही झाली. मी त्याला दोष देत नाही. तो मला म्हणाला, “दादा, पैशाचं काही नाही, ते मी ओव्हरटाइमनं काढीन. अकरा महिने कुठून काढू?” तोवर मालाची ऑर्डर दुसरीकडे गेली होती. प्रेसचे हप्ते मात्र त्याचेच होते.

ते चार दिवस पाहूनच लोक म्हणतात, बघा, पैसे दिले की काम झाले. आधीचे अकरा महिने कोणी मोजत नाही. पैसे देणाऱ्याची फाइल पुढे गेली म्हणजे न देणाऱ्याची मागे सरकली, कारण टेबल एकच आहे आणि सहीही एकच.

“पण कारखाने आलेच की!” हा त्या गृहस्थांचा खरा हुकमाचा पत्ता. आलेच, नाकारण्याचे कारण नाही. रांजणगावात एलजी आहे, व्हर्लपूल आहे, फियाट आहे. दौंड तालुक्यात कुरकुंभला रसायनांचे कारखाने आहेत. पण ते का आले ते नीट पाहा. पुणे-नगर आणि पुणे-सोलापूर हे दोन रस्ते, दौंडचे रेल्वे जंक्शन, भीमा-घोडचे पाणी, हाताशी पुणे शहर. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे एमआयडीसी. १९६२ मध्ये हे महामंडळ उभे राहिले तेव्हा त्यामागची कल्पनाच ही होती की जमीन, रस्ता, पाणी, बांधकामाचा नकाशा हे सगळे उद्योजकाला एका दारात मिळावे. म्हणजे मोठे भांडवल इथे आले ते टेबले जिथे कमी केली होती तिथे. कुंपणाच्या बाहेर, सणसवाडी-शिक्रापूरच्या गटनंबरांत, छोट्या शेडवाल्याला प्रत्येक टेबलापुढे स्वतः उभे राहावे लागते. मोठ्या कंपनीकडे वकील असतात, सल्लागार असतात, थेट मंत्रालयात फोन लावणारी माणसे असतात. लाचेचा भार वर कमी आणि खाली जास्त, असा हा उलटा कर आहे. आलेले कारखाने मोजता येतात. माझ्या भावाची चौथी प्रेस ज्यांना काम देणार होती ती सहा पोरे कुठल्याच यादीत येत नाहीत.

आता दुसरा पूर्वपक्ष. हा मला अधिक गंभीर वाटतो, कारण त्यात वेदना आहे. “जमिनी आमच्या गेल्या. गेटवर सिक्युरिटी परगावची, आत कामगार परप्रांतातले. मग भंगाराचा ठेका, टँकर, बस, लेबर कॉन्ट्रॅक्ट आम्हाला मिळालं तर त्याला खंडणी का म्हणता?” ज्याची बागायत संपादनात गेली त्याला असे वाटणारच, आणि त्याचा हक्क मी मानतो. पण गेटवर जो उभा राहतो तो बहुतेक वेळा जमीन गेलेला शेतकरी नसतो. तो त्याच्या नावावर बोलणारा माणूस असतो. ठेका त्याला मिळतो आणि त्याच्या हाताखाली गावातलीच पोरे किमान वेतनापेक्षा कमीवर राबतात. माथाडीच्या नावाने तर याहून वाईट चालते. अण्णासाहेब पाटलांनी पाठीवर पोते वाहणाऱ्या माणसासाठी लढून १९६९ चा माथाडी कायदा आणला. आज काही ठिकाणी त्याच नावाच्या पावत्या फाडून, एकही पोते न उचलता, ट्रकमागे पैसे मागितले जातात. हा भीमा-घोडकाठच्या हमालांचा अपमान आहे. देवेंद्र फडणवीस यांनी पुण्याच्या व्यासपीठांवरून उद्योगांना होणाऱ्या या त्रासाबद्दल एकापेक्षा जास्त वेळा जाहीर इशारे दिले आहेत. इशारा चांगलाच; पण गेटवरच्या माणसाच्या मागे कोणत्या पक्षाचा फ्लेक्स आहे हे पाहून गुन्हा नोंदवायचा की नाही ते ठरत असेल, तर त्या इशाऱ्याने कारखानदाराला झोप लागणार नाही. स्थानिकांचा वाटा हवाच. तो जमीन गेलेल्यांच्या जाहीर यादीतून, गावातल्या आयटीआयमधून, उघड्या निविदेतून मिळू शकतो.

वाळूचेही तेच. मांडवगण फराट्यापासून दौंडपर्यंत भीमेच्या पात्रात सक्शन बोटी चालतात. महसूल आणि पोलिसांची पथके येतात, बोटी जिलेटिनने उडवतात, वर्तमानपत्रात फोटो येतो. काही दिवसांनी पाण्यात पुन्हा फायबरच्या बोटी. तहसीलदारांची गाडी कुठे पोहोचली हे सांगायला मोटारसायकलवर पोरे नेमलेली असतात. त्यांना ‘लोकेशन देणारे’ म्हणतात, आणि वीस वर्षांच्या मुलाला गावात हा रोजगार वाटतो, याचे मला सर्वांत जास्त दुःख होते. वाळू गेली की पात्र खोल जाते, काठच्या विहिरींचे पाणी उतरते आणि सरकारचे स्वामित्वधनही बुडते. शिवाय हाच पैसा पुढे ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत उतरतो आणि तिथून कंपनीच्या गेटवर ठेका मागायला जातो. म्हणून वाळू, ठेका आणि फाइल ही तीन प्रकरणे वेगळी काढून चालत नाहीत.

डोळेझाक किती महाग पडते ते कुरकुंभने फेब्रुवारी २०२४ मध्ये पाहिले. तिथल्या एका कारखान्यातून पुणे पोलिसांनी मेफेड्रोन या अमली पदार्थाचा शेकडो किलोंचा साठा पकडला. यात कोणी कोणाला किती दिले, असा आरोप मी करत नाही. एवढेच विचारतो, की रसायनाच्या कारखान्याला इतक्या खात्यांच्या तपासण्या असताना हे आधी कोणाला कसे दिसले नाही? ज्या तपासण्या कागदावरच उरकतात त्यांचा त्रास सचोटीने चालणाऱ्या शेजारच्या कारखान्याला होतो. वसाहतीचे नाव खराब होते ते त्याच्यासकट.

आफ्रिकेकडे येतो, कारण ‘आपली आफ्रिका’ हे शब्द मला बोचले. भ्रष्टाचार आफ्रिकी रक्तात आहे असे मानणाऱ्यांनी बोट्स्वाना पाहावा. १९६६ मध्ये स्वतंत्र झाला तेव्हा तो जगातल्या सर्वांत गरीब देशांपैकी एक होता. पुढच्याच वर्षी ओरापाला हिरे सापडले. हिऱ्यांनी इतर देशांत यादवी माजवली. बोट्स्वानाने हिरे काढणाऱ्या कंपनीशी निम्म्या वाट्याचा करार केला, पैसा शाळा-रस्त्यांना लावला आणि १९९४ मध्ये भ्रष्टाचारविरोधी स्वतंत्र संचालनालय काढले. उलट मोझांबिकने २०१३-१४ मध्ये मासेमारीच्या बोटी आणि सागरी सुरक्षेच्या नावाखाली सुमारे दोन अब्ज डॉलरचे कर्ज उचलले आणि त्यातले बरेचसे संसदेपासून लपवले. २०१६ मध्ये ते उघड झाले. नाणेनिधीने आणि मदत देणाऱ्या देशांनी हात आखडला, चलन कोसळले आणि किंमत मोजली ती बाजारात भाजी विकणाऱ्या बायांनी. लपवलेला करार आपल्यालाही नवा नाही. दाभोळच्या एन्रॉन वीजप्रकल्पाचे करार वर्षानुवर्षे लोकांसमोर नीट आले नाहीत. १९९५ मध्ये प्रकल्प रद्द झाला, पुन्हा सुरू झाला, २००१ मध्ये बंद पडला. परकीय भांडवल महाराष्ट्राकडे बराच काळ साशंकतेने पाहत राहिले.

आणि दक्षिण आफ्रिकेत सरकारच खिशात घातल्याचा ठपका झोंडो आयोगाने ज्या गुप्ता बंधूंवर ठेवला, ते आपल्या सहारनपूरचे. आफ्रिकेला नावे ठेवताना हे आठवावे. आफ्रिकी देशांनी मापुतोत ११ जुलै २००३ रोजी भ्रष्टाचारविरोधी करार स्वीकारला आणि थाबो म्बेकी यांच्या समितीने २०१५ मध्ये त्या खंडातून दरवर्षी बेकायदा बाहेर जाणारा पैसा ५० अब्ज डॉलरच्या घरात असल्याचे सांगितले. तो पैसा बाहेर नेणाऱ्यांत बाहेरच्या कंपन्याही आहेत, हे त्या समितीने स्पष्ट म्हटले आहे. त्यांची लढाई आपल्या लढाईहून वेगळी नाही.

मग करायचे काय? “कॉम्प्युटर आले, दर वाढले,” असे लोक म्हणतात. अर्धे खरे आहे. सातबाऱ्याचा उतारा आज १५ रुपयांत मोबाइलवर डिजिटल सहीसह मिळतो आणि त्या उताऱ्यापुरती चिरीमिरी खरोखर संपली. चावडीसमोर उभे राहून आठवडे घालवलेल्या माझ्या वडिलांना हे खरे वाटले नसते. फेरफाराची नोंद मंजूर करायला मात्र अजून माणसाची सही लागते, आणि दर तिथे जाऊन बसला. यावरून माझा आग्रह ठरतो: सही कमी करा, आणि जिथे ती अटळ आहे तिथे अर्ज आल्याच्या क्रमाने व तारखेच्या आत झालीच पाहिजे. जमीन महसूल संहितेच्या कलम ४४-अ नुसार औद्योगिक पट्ट्यातली जमीन खऱ्या उद्योगासाठी वापरायला आधी बिनशेती परवानगी लागत नाही, वापर सुरू झाल्यावर ३० दिवसांत कळवायचे असते. ही तरतूद १९९४ पासून आहे. तरी त्याच कामाचे पैसे घेणारे एजंट शिक्रापुरात आजही भेटतात, कारण तरतूद कोणी भिंतीवर लिहून लावलेली नाही.

२०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याने प्रत्येक अधिसूचित सेवेला मुदत दिली. मुदत मोडली तर अधिकाऱ्याला दंड ५०० ते ५,००० रुपये. माझ्या भावाने दिलेल्या रकमेपुढे हा दंड म्हणजे किरकोळ खर्च. तो दिवसागणिक वाढायला हवा आणि अधिकाऱ्याच्या गोपनीय अहवालात उतरायला हवा. “इतका धाक बसला तर कोणी सहीच करणार नाही,” या आक्षेपाचे उत्तरही यातच आहे. सही न करणे हाच दंडनीय उशीर ठरला की प्रामाणिक अधिकाऱ्याला वेळेत सही करणे हेच सुरक्षित होते. आणि निर्णयाबद्दल त्याच्यावर ऊठसूट चौकशी लागू नये म्हणून भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याच्या २०१८ च्या दुरुस्तीने आधी मंजुरीची अट घातलेली आहेच.

तक्रारीबद्दलही बोलले पाहिजे. १०६४ वर फोन केला की लाचलुचपतवाले तक्रार पडताळतात, नोटांचे नंबर पंचनाम्यात घेतात, नोटांना अँथ्रासीन पावडर लावतात आणि पैसे घेणाऱ्याची बोटे जंबुपार दिव्याखाली चमकतात. इथवर सगळे नीट चालते. भीती त्यानंतरची असते: खटला वर्षे चालतो आणि तक्रारदाराची पुढची सगळी कामे त्याच कार्यालयात असतात. २०१८ पासून लाच देणाराही गुन्हेगार आहे. मात्र बळजबरीने द्यावी लागली आणि सात दिवसांत कळवले तर तो सुटतो, आणि सापळ्यासाठी आधीच कळवून दिली तर त्याच्यावर गुन्हा लागत नाही. हे किती शेडवाल्यांना माहीत आहे? तक्रारदाराची उरलेली कामे दुसऱ्या कार्यालयाकडे मुदतीसह वर्ग झाली पाहिजेत. एवढे झाले तर कितीतरी लोक पुढे येतील.

शिरूरहून घोड ओलांडून थोडे गेले की राळेगणसिद्धी. अण्णा हजारेंच्या उपोषणांचा २००२ च्या राज्याच्या माहिती अधिकार कायद्यामागे मोठा रेटा होता, आणि २००५ मध्ये तो अधिकार देशाला मिळाला. दहा रुपयांच्या अर्जाने आपली फाइल कोणत्या टेबलावर किती दिवस होती ते विचारता येते. भावाने तेव्हा तो अर्ज केला नाही. मीही त्याला सुचवले नाही, याची मला आज लाज वाटते.

पुढच्या महिन्यात तो पाचव्या प्रेससाठी अर्ज करणार आहे. या वेळी पोच घेणार, पोचेवर तारीख आणि शिक्का घेणार, मुदतीच्या दुसऱ्या दिवशी पहिले अपील टाकणार. सातबाऱ्याच्या चार प्रती त्याने आत्ताच काढून ठेवल्या आहेत. खिडकीपाशी मी त्याच्या बरोबर असेन.