दहीहांड्याचे मीठ आणि आमचे ताट

१९३० साली दांडीच्या किनाऱ्यावर महात्माजींनी चिमूटभर मीठ उचलले, तेव्हा समुद्रापासून शेकडो मैल दूर असलेल्या वऱ्हाडाने काय करावयाचे, असा प्रश्न येथील देशभक्तांपुढे उभा राहिला. वऱ्हाडाला समुद्र नव्हता. पण पूर्णेच्या खोऱ्यात खाऱ्या पाण्याच्या विहिरी होत्या. अकोला जिल्ह्यातील दहीहांडा या गावी त्या खाऱ्या पाण्यापासून मीठ तयार करण्यात आले आणि वऱ्हाडाने आपला कायदेभंग साजरा केला. गरिबाच्या भाकरीवरील त्या चिमटीवर परक्या सरकारने कर बसविला होता. तो झुगारून देणे हा त्या वेळचा पुरुषार्थ होता. सरकार गेले, कर गेला. पण आज त्याच वऱ्हाडात मीठ स्वतःच आमच्याकडून कर वसूल करू लागले आहे, आणि तो आम्ही कोणत्याही कुरकुरीवाचून, किंबहुना मोठ्या आवडीने, भरीत आहो. हा कर रक्तवाहिन्यांकडून, हृदयाकडून, मूत्रपिंडाकडून घेतला जातो, आणि त्याची पावती एके दिवशी अर्धांगवायूच्या रूपाने हातात पडते.

दरवर्षी मे महिन्याच्या १७ तारखेस जागतिक उच्च रक्तदाब दिन पाळला जातो. फलक लागतात, भाषणे होतात, आणि भाषणांनंतर आलूबोंडे व गोड चहा यांचा समाचार घेऊन मंडळी घरोघर जातात. या उपहासाबद्दल वाचकांनी आम्हांस क्षमा करावी. पण विषय उपहासावर सोडून देण्याजोगा राहिलेला नाही. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, देशातील १५ वर्षांवरील दर १०० पुरुषांपैकी २४ आणि दर १०० स्त्रियांपैकी २१ जणांचा रक्तदाब वाढलेला तरी आढळला, अथवा तो औषधाने आटोक्यात ठेवावा लागत होता. त्याच पाहणीत १५ ते ४९ वयाच्या दर १०० स्त्रियांपैकी २४ व पुरुषांपैकी सुमारे २३ जण प्रमाणाबाहेर वजनाचे निघाले. चार-पाच वर्षांपूर्वीच्या पाहणीत हेच आकडे सुमारे २१ आणि १९ होते. ज्या देशाला अन्नधान्याच्या तुटवड्याची चिंता पिढ्यान्‌पिढ्या जाळीत होती, आणि ज्या महाराष्ट्राने १९७२ चा दुष्काळ अंगावर काढला, त्याच्यापुढे मेदवृद्धीचे संकट उभे राहावे, हा काळाचा महिमा होय.

रक्तदाब हा मोठा कावेबाज शत्रू आहे. ताप आला तर अंग तापते, दात किडला तर ठणकतो. हा मात्र वर्षानुवर्षे शरीरात मुक्काम ठोकून बसतो आणि यजमानाला त्याची चाहूलही लागत नाही. १९०५ साली रशियातील कोरोत्कॉव्ह या शल्यचिकित्सकाने दंडाला पट्टा बांधून आणि कोपराच्या खोबणीत नळी लावून रक्ताचा आवाज ऐकण्याची युक्ती शोधून काढली. ती आजही गल्लीतल्या दवाखान्यात पाच मिनिटांत होते. वरचा आकडा १४० किंवा खालचा ९० यांच्या पलीकडे वारंवार जाऊ लागला की दुखणे जडले असे समजावे. इतकी सोपी परीक्षा असूनही, जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या अंदाजाप्रमाणे, जगातील जवळजवळ निम्म्या रुग्णांना आपण रुग्ण आहोत याची वार्ताच नाही.

आम्ही पूर्वी शाळेत शिकवीत असू, तेव्हा आमच्या शिक्षकवृंदात गणिताचे एक गृहस्थ होते. पन्नाशी गाठली नव्हती. अंगाने भरलेले, स्वभावाने हसतमुख. मधल्या सुट्टीत चिवड्याचा पुडा सर्वांपुढे करून मग स्वतः घेणारे. एके दिवशी फळ्यावर उदाहरण सोडविताना त्यांच्या हातातील खडू गळून पडला आणि उजवा हात पुन्हा वर गेला नाही. डॉक्टरांनी रक्तदाब पाहिला आणि पूर्वी कधी पाहिला होता काय, असे विचारले. कधीच नाही, असे उत्तर त्यांच्या पत्नीने दिले. जन्मभर दुसऱ्यांच्या वह्यांतील आकडे तपासणाऱ्या त्या सज्जनाला स्वतःच्या शरीरातील दोन आकडे ठाऊक नव्हते. पुढे अकरा वर्षे ते खाटेवर होते, आणि ती अकरा वर्षे त्यांच्या पत्नीने कशी काढली हे शेजाऱ्यांनाच माहीत. उच्च रक्तदाब हा एका माणसाचा आजार म्हणून येतो आणि सबंध घराचा होऊन बसतो, हे आम्ही तेथे पाहिले.

आता आमच्या ताटाकडे वळू. कपाशी आणि ज्वारी हे वऱ्हाडच्या शेतातील जुने जोडपे. शेतात ज्वारी होती म्हणून ताटात भाकरी होती, आणि भाकरीबरोबर अंबाडीची भाजी, तुरीचे वरण, जवसाची चटणी, मिरचीचा ठेचा. गेल्या तीन-चार दशकांत सोयाबीनने ज्वारीला शेतातून हुसकावले आणि भाकरीही अनेक घरांतून पाहुण्यासारखी वागू लागली. जुने ताट सर्वस्वी निर्दोष होते असा आमचा दावा नाही. ठेचा आणि लोणचे यांत मीठ भरपूर होते, पापड-कुरडयांतही होते. परंतु ते खाणारा मनुष्य दिवसभर वखरामागे घाम गाळीत होता आणि बाजाराला कोसभर पायी जात होता. आज घाम गेला, मीठ मात्र राहिले. नव्हे, ते वाढले. सकाळी कचोरी, दुपारी शेव, सायंकाळी गिला वडा आणि रात्री पाकिटातील काहीतरी कुरकुरीत, असा अमरावती-अकोल्यातील कित्येकांचा दिनक्रम झाला आहे. एकाच कढईतील तेल दिवसभर उकळत असते, आणि त्या कढईभोवतीची गर्दी पाहिली की एखाद्या यात्रेचा भास होतो. गिला वडा हे अमरावतीचे भूषण आहे, हे आम्हांसही मान्य. पण अलंकार सणावारी घालावयाचा असतो. तो रोज अंगावर वागविला तर त्याचे ओझे होते.

प्रौढ माणसाने दिवसाकाठी ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चहाच्या एका सपाट चमच्याहून अधिक नाही, इतकेच मीठ खावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. यात पोळी, भाजी, लोणचे, पापड, फरसाण, बिस्किटे सर्व आली. जादा मीठ शरीरात पाणी धरून ठेवते. रक्ताचे आकारमान वाढते. भिंतींवरील दाब वाढतो. आणि रक्तवाहिन्या हळूहळू आपली लवचीकता गमावतात. १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या इंटरसॉल्ट पाहणीने ३२ देशांतील १०,००० हून अधिक माणसे तपासून मीठ आणि रक्तदाब यांचे हे नाते जगापुढे मांडले. फिनलंडमध्ये १९७२ पासून उत्तर कारेलिया प्रांताने लोकांच्या ताटात पालट घडविण्याचा उपक्रम चालविला आणि हृद्रोगाने मरणाऱ्यांची संख्या कितीतरी खाली आणली. चीनच्या ६०० खेड्यांत साध्या मिठातील सोडियमचा काही अंश काढून तेथे पोटॅशियम घातले, तर पक्षाघाताचे प्रमाण सुमारे १४ टक्क्यांनी घटले, असे २०२१ साली दिसून आले. अर्थात मूत्रपिंडाच्या रोग्याने असे मीठ वैद्यास विचारल्याखेरीज घेऊ नये. आणि सैंधव खाल्ले म्हणजे सुटलो, असे समजणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे की, सैंधवही बव्हंशी मीठच आहे.

'आमच्या वऱ्हाडच्या उन्हात मीठ न खाऊन कसे चालेल?' असा प्रश्न येईल, आणि तो रास्त आहे. वैशाखात शेतात राबणाऱ्या मजुराला घामावाटे गेलेले मीठ परत मिळालेच पाहिजे. परंतु हा प्रश्न तो मजूर विचारीत नाही. तो विचारतात कुलरसमोर बसलेले दुकानदार, कारकून, वकील आणि आम्ही संपादक! मजुराच्या घामाच्या पुण्याईवर आपण फरसाण खावे, हा युक्तिवाद कोणत्याही न्यायालयात टिकणार नाही.

तथापि वऱ्हाडात एक असा भाग आहे की जेथील माणसाला हा उपदेश ऐकविण्याचाही आम्हांस संकोच वाटतो. तो म्हणजे खारपाणपट्टा. अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांतील, पूर्णेच्या खोऱ्यातील शेकडो गावांच्या भूगर्भातील पाणी खारे आहे. ज्या पाण्यापासून दहीहांड्याला सत्याग्रहाचे मीठ निघाले, तसलेच पाणी पिण्याची पाळी येथील लोकांवर पिढ्यान्‌पिढ्या आली; मूत्रपिंडाच्या विकारांच्या तक्रारीही या पट्ट्यातून सतत येत राहिल्या. बांगलादेशच्या किनारपट्टीत खारे पाणी पिणाऱ्या गर्भवती स्त्रियांत रक्तदाब वाढल्याचे संशोधकांनी दाखविले आहे. वान आणि शहानूर धरणांचे गोडे पाणी नळाने या पट्ट्यातील गावांना देण्याच्या योजना झाल्या, हे योग्यच झाले. पण नळ कोरडा पडला की बाई पुन्हा त्याच विहिरीकडे वळते. शहरातील मनुष्य मीठ निवडून खातो; खारपाणपट्ट्यातील मनुष्याला ते निवडीवाचून प्यावे लागते. या दोघांना एकाच पत्रकातील एकच उपदेश वाटणे हे अज्ञानाचे लक्षण आहे. शहराला संयम शिकवावा. खारपाणपट्ट्याला पाणी द्यावे, आणि रक्तदाब व मूत्रपिंड यांची तपासणी प्रथम तेथे न्यावी.

लठ्ठपणाविषयीही आपल्या समाजात एक जुना मोह आहे. सुटलेले पोट हे खात्यापित्या घराचे लक्षण मानले जाते. परंतु भारतीय शरीराची ठेवण अशी की, थोड्या वजनातही मेद पोटावर साचतो. म्हणून आपल्याकडील तज्ज्ञांनी कमरेच्या घेराची मर्यादा पुरुषास ९० सेंटिमीटर आणि स्त्रीस ८० सेंटिमीटर अशी घातली आहे. शिंप्याची टेप प्रत्येक घरात असते. ती एकदा स्वतःभोवती फिरवून पाहावी. एक किलो वजन उतरले की वरचा रक्तदाब सरासरी सुमारे एका अंकाने उतरतो. मात्र सडपातळ माणसांनीही निर्धास्त राहू नये. कृश देहाच्या, मैलोगणती चालणाऱ्या आणि एके काळी कित्येक वर्षे मीठ वर्ज्य केलेल्या गांधीजींनाही उतारवयात उच्च रक्तदाबाने गाठले होते. मोजल्यावाचून कळत नाही, हाच त्याचा अर्थ.

अमरावतीने तर या बाबतीत लाज बाळगावी असा इतिहास तिच्या पाठीशी आहे. १९१४ साली येथे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची स्थापना झाली, आणि १९३६ साली बर्लिनच्या ऑलिंपिक मेळाव्यात येथील तरुणांनी भारतीय व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके करून दाखविली. ज्या नगरीने जगाला मल्लखांब दाखविला, तिचा नागरिक आज कोपऱ्यावरील दुकानापर्यंत मोटारसायकलवर जातो आणि खर्ऱ्याची पुडी सोडून परत येतो. त्या पुडीतील तंबाखूही रक्तदाबाला हातभारच लावते, हे वेगळे सांगावयास नको. स्त्रियांची अवस्था याहून बिकट आहे. 'घरकामात व्यायाम होतोच' या एका वाक्याने आपण त्यांना मोकळ्या हवेतून आणि स्वतःच्या वेळेतून हद्दपार केले आहे. आठवड्यास १५० मिनिटे झपझप चालावे, असा शास्त्राचा दंडक आहे. घरातील पुरुषांनी दिवसाकाठी अर्धा तास चुलीची जबाबदारी पत्करली, तरच तो घरातील स्त्रीला पाळता येईल.

उपदेश पुरे; आता मागण्या. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने वर्षातून एकदा तरी रक्तदाब मोजावा, आणि वैद्याने गोळी दिली तर ती 'बरे वाटते' म्हणून परस्पर सोडू नये. बरे वाटते ते गोळीमुळेच. सरकारी आरोग्यकेंद्रांत या गोळ्या कधीही संपता कामा नयेत, कारण तीस कोस फिरून रिकाम्या हाताने परतलेला शेतमजूर पुन्हा येत नाही. नगरपालिका आणि महापालिका यांनी पदपथ चालणाऱ्यांस परत द्यावेत आणि उरलेली मैदाने इमारतींच्या तोंडी देऊ नयेत. शाळांनी कवायतीचा तास गणिताला उसना देण्याची प्रथा बंद करावी; आम्हीही तो दोष एके काळी केला आहे आणि त्याची खंत आम्हांस आहे. पाकिटाच्या पाठीमागे मुंगीच्या अक्षरांत सोडियमचा आकडा छापलेला असतो. त्याला अडीचने गुणिले की मिठाचे वजन निघते. हे एक गणित सातवीच्या मुलांना शिकविले, तर ती मुले आपल्या आईबापांना शिकवतील.

संत गाडगेबाबांनी याच जिल्ह्यात जन्म घेऊन गावेच्या गावे खराट्याने झाडली. घाण नजरेसमोर असते तोवर ती उचलण्याची लाज नसावी, एवढेच ते शिकवीत आले. आमच्या ताटातील घाण नजरेस पडत नाही, कारण ती चविष्ट आहे. १९३० च्या सत्याग्रहींना मीठ तयार करण्यासाठी तुरुंगाची भीती सोडावी लागली होती. आजच्या वऱ्हाडकराला ताटाच्या डाव्या बाजूची मिठाची चिमूट तेवढी सोडावयाची आहे. दहीहांड्याच्या वारसांना एवढेही जमू नये काय?