तंबोरा करून घ्यावा लागतो

कोणत्याही कारागिरीचा अंत दोन प्रकारे घडवून आणता येतो. तिची हेटाळणी करणे हा एक प्रकार आणि तिचा सत्कार करून तिला काम न देणे हा दुसरा. पहिल्या प्रकारात निदान शत्रू कोण ते कळते. दुसऱ्या प्रकारात मात्र मारणारा आणि हार घालणारा एकच असल्यामुळे कारागिराला तक्रारही करता येत नाही. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा सर्वत्र आनंद व्यक्त झाला आणि तो रास्तच होता. परंतु त्या आनंदात सहभागी झालेल्या किती रसिकांनी त्यानंतर मिरजेला एका तंबोऱ्याची मागणी नोंदविली, हा प्रश्न आम्हांस विचारावासा वाटतो. आणि तो प्रथम गोमंतकीय रसिकांनाच विचारणे आम्हांस प्राप्त आहे.

मिरजेची ही कला फार पुरातन नाही. तिच्या जन्माची कथा मात्र मोठी बोधप्रद आहे. शिकलगार मंडळी तलवारींना धार लावणारी, शस्त्रे घासूनपुसून लखलखीत करणारी. एकोणिसाव्या शतकात इंग्रजी अंमल बसला, तलवारी म्यानात गेल्या आणि हा व्यवसाय बसला. त्याच शतकाच्या मध्याच्या सुमारास पटवर्धनांच्या या संस्थानात फरीदसाहेबांसारखे कारागीर वाद्यांच्या दुरुस्तीकडे आणि तेथून वाद्यनिर्मितीकडे वळले. पोलादाची पारख असलेला हात लाकूड आणि भोपळा पारखू लागला. संस्थानाचा आश्रय आणि गवयांचा राबता यांमुळे ती विद्या रुजली. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे विष्णु दिगंबर पलुसकर शिकले ते मिरजेतच, आणि अब्दुल करीमखाँसाहेब स्थायिक झाले तेही याच गावात. १९३७ साली प्रवासात त्यांचे निधन झाले, पण त्यांची कबर मिरजेच्या दर्ग्याच्या आवारात आहे आणि उरुसाच्या वेळी तेथे आजही गायनसेवा होते. ज्या गावी असे गवई राहत, त्या गावच्या कारागिरास कच्चे वाद्य देऊन चालणार नव्हते. ही कला वाढली ती चोखंदळ गिऱ्हाइकामुळे, हे आपण ध्यानात ठेविले पाहिजे.

या कथेशी गोव्याचा संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध पुष्कळ आहे. केरीच्या केसरबाई लहानपणी कोल्हापुरास काही महिने अब्दुल करीमखाँसाहेबांकडे शिकल्या आणि पुढे अल्लादियाखाँसाहेबांच्या तालमीत त्यांची गायकी घडली. कुर्डीच्या मोगुबाईंना खाँसाहेबांचा लाभ झाला तो सांगलीत, म्हणजे मिरजेच्या उंबरठ्यावर. कुर्डी गाव साळावली धरणाच्या पाण्याखाली गेले; पण मोगुबाईंचे गाणे शिष्यपरंपरेत जिवंत राहिले. आमच्या देवळांच्या अंगणात जन्मलेला गळा घाट चढून वर गेला आणि कोल्हापूर-सांगली-मिरजेच्या परिसरात त्याला गुरू मिळाला. गोमंतकाचे गाणे आणि मिरजेचे वाद्य यांचे नाते हे असे आहे.

आता तंबोरा होतो कसा ते पाहू. त्याचा भोपळा खाण्याचा नव्हे. पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूला, भीमेच्या खोऱ्यात, जाड सालीचा कडू भोपळा मुद्दाम पिकवितात. तो वेलावर पक्व व्हावा लागतो आणि नंतर पूर्ण वाळावा लागतो. कारागीर तो बोटाने वाजवून, उचलून, सालीची जाडी अजमावून निवडतो. मग तो कापून, भिजवून, आतील गर काढून, हव्या त्या आकारात ताणून पुन्हा वाळवावयाचा. दांडीला आणि तबलीला तुनाचे मुरलेले लाकूड. तबलीची जाडी कोठे किती ठेवावयाची हे मोजपट्टी सांगत नाही, हात सांगतो. त्यानंतर गळ्याचा जोड, खुंट्या, घोडी, नक्षी, रोगण आणि तारा. खर्जाची तार पितळेची, जोडीच्या तारा पोलादाच्या. हे सर्व जमून आले तरी ते वाद्य अद्याप मुकेच असते. त्याला वाचा येते ती जवारी लागल्यावर.

जवारी म्हणजे घोडीच्या माथ्याला दिलेला अतिसूक्ष्म उतार. तार त्या उतारावर नुसती टेकत नाही, कंप पावताना त्याला स्पर्श करीत राहते. तारेखाली सुताचा एक धागा सरकवावयाचा आणि तो केसभर मागेपुढे करीत नाद खुलवावयाचा. त्या धाग्याचे नावच 'जीव' आहे. पाश्चात्य ध्वनिशास्त्राचा नियम असा की तार ज्या बिंदूवर छेडावी, त्या बिंदूवर ज्यांचे स्थिर स्थान पडते ते उपस्वर ऐकू येऊ नयेत. तंबोऱ्यात आणि वीणेत ते येतात! सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२१ साली ही गोष्ट अभ्यासून तिचे श्रेय या वक्र घोडीला दिले. उत्तम जुळलेल्या तंबोऱ्याच्या खर्जातून कोणीही न छेडलेला गंधार उमटतो, तो याच करामतीमुळे. शास्त्रज्ञाने समीकरणात मांडावे असे हे सत्य मिरजेच्या गल्लीतील कारागिराने कानसेच्या टोकावर आधीच साधले होते.

आता मुख्य मुद्दा. असे वाद्य दुकानातून उचलून आणावयाचे नसते, ते सांगून करून घ्यावयाचे असते. गाणाऱ्याची पट्टी कोणती, काळी एक की काळी चार. बसून गाताना तंबोरा कितपत उंच झेपेल. तारा चार हव्यात की पाच. आवाज भारदस्त आहे की नाजूक, हे सारे कारागिराला सांगावे लागते. शक्य झाल्यास त्याच्यापुढे बसून दोन स्वर लावावे लागतात. आमच्यासारख्या दमट किनाऱ्यावरच्या माणसाने आणखी एक गोष्ट सांगावयास हवी: वाद्य कोकणच्या पावसात राहणार आहे. कोरड्या हवेत जुळविलेले सांधे आषाढ-श्रावणात सैल होतात, हे लक्षात घेऊन लाकूड अधिक मुरलेले घ्यावे लागते. म्हणूनच घाई करून चालत नाही. 'कधी मिळेल' एवढेच विचारणारे गिऱ्हाईक कारागिराला कंटाळवाणे वाटते. 'कसा करणार' असे विचारणारे त्याला शहाणे करते आणि स्वतःही शहाणे होते.

ही रीत केवळ आपली आहे असे नव्हे. ज्या गिटारीचा नाद गोव्याच्या घराघरांत ओळखीचा आहे, तिचेही तसेच आहे. स्पेनमधील आल्मेरियाचा आंतोनियो दे तोर्रेस (१८१७-१८९२) हा आधुनिक गिटारीचा शिल्पकार. नाद वरच्या पातळ फळीत असतो हे दाखविण्यासाठी त्याने १८६२ साली एका गिटारीची पाठ आणि बाजू चक्क कागदाच्या लगद्याच्या केल्या. आजही युरोप-अमेरिकेत नामांकित कारागिराकडे आपल्या बोटांच्या मापाची गिटार सांगून करून घेणारे वादक वर्ष-वर्ष, कधी अनेक वर्षे, आपल्या पाळीची वाट पाहतात आणि त्यात भूषण मानतात. मौज अशी की, त्यांतील पुष्कळ गिटारींची पाठ आपल्या सह्याद्रीत वाढणाऱ्या शिसवीची असते. ब्राझीलच्या लाकडाची टंचाई झाल्यावर १९६९ साली अमेरिकेच्या मार्टिन कंपनीनेही याच शिसवीचा आधार घेतला. आपल्या डोंगरातील लाकडाची किंमत परक्या कारागिराला कळते आणि शेजारच्या कारागिराच्या हाताची किंमत आपल्याला कळत नाही, ही स्थिती शोभादायक नव्हे.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा की, विजेचा तंबोरा आल्यावर हा खटाटोप कशाला? १९७०च्या दशकाच्या अखेरीस बंगळूरात ही पेटी तयार झाली आणि आज तर ती भ्रमणध्वनीतही आली आहे. बटण दाबले की सूर हजर. आम्ही तिचे शत्रू नाही. रेल्वेच्या डब्यात, भाड्याच्या खोलीत, एकट्याने रियाज करणाऱ्या विद्यार्थ्याला तिने मोठा आधार दिला आहे. परंतु सोय म्हणून घरात आलेली वस्तू धनी होऊन बसली तर तिला तिची जागा दाखवावीच लागते. तंबोरा जुळविणे हा गायनशिक्षणाचा पहिला पाठ आहे. खुंटी पिळताना, मणी सरकविताना कान तयार होतो. चूक कोठे आहे ते शोधावे लागते. पेटीत चूक नाही, म्हणून शोधही नाही. दहा वर्षे गाणे शिकून तंबोरा जुळविता न येणारा विद्यार्थी म्हणजे दुसऱ्याने मळलेल्या कणकेवर स्वयंपाकी म्हणविणारा. त्याला पदवी मिळेल, पण सूर मिळेलच असे नाही.

दुसरा आक्षेप पैशाचा आणि प्रांताचा. चांगला तंबोरा महाग पडतो आणि गोव्याचा पैसा मिरजेला का जावा, असे विचारणारे व्यवहारी लोक आमच्यात आहेत. त्यांना आमचे सांगणे असे की, ज्या किमतीचा भ्रमणध्वनी आपण दोन-तीन वर्षांत टाकून देतो, तेवढ्या किमतीत दोन पिढ्या टिकणारे वाद्य घरात येऊ शकते. प्रांताचे म्हणाल तर जो गळा घेऊन आमच्या कलावती घाटापलीकडे गेल्या, त्याचा मोबदला त्या भूमीने विद्येच्या रूपाने दिला. तेव्हा कोणी प्रांत विचारला नव्हता. शिवाय गोव्यातील कारागिरांनाही आम्ही हेच माप लावतो. २०१९ साली गोवा सरकारने घुमटाला राज्याच्या वारसावाद्याचा मान दिला. घोरपडीच्या कातड्यावर वन्यजीव कायद्याने बंदी आहे आणि ती योग्यच आहे. बकऱ्याच्या कातड्यावर तोच नाद आणण्याचे काम कुंभाराने आणि वादकाने मिळून करावयाचे आहे. पण चवथीच्या आदल्या दिवशी बाजारात जाऊन मिळेल ते मडके घेणाऱ्या वादकामुळे तो नाद सुधारणार नाही. कुंभाराकडे चार महिने आधी जाऊन तोंड केवढे, गळा केवढा, माती किती भाजावयाची, हे सांगणाऱ्यामुळे सुधारेल.

मानांकनाची मर्यादाही नीट समजून घेतली पाहिजे. आमच्या काजूफेणीला ते २००९ सालीच मिळाले. मानांकन नावाचे रक्षण करते. दुसऱ्या गावचा माल मिरजेचा म्हणून विकला जाऊ नये याची तजवीज करते. ते गिऱ्हाईक निर्माण करीत नाही. कारागिराचा मुलगा शाळेतून आल्यावर बापाच्या शेजारी बसेल की दुसरी नोकरी धरील, हे भिंतीवरच्या प्रमाणपत्रावर ठरत नाही. कोपऱ्यात किती भोपळे मागणीचे म्हणून बाजूला ठेविले आहेत, त्यावर ठरते. या व्यवसायात हात तयार होण्यास वर्षे लागतात. एक पिढी खंडली तर पुढच्या पिढीला पुस्तक वाचून जवारी काढता येणार नाही.

म्हणून आमच्या सूचना साध्या आहेत. कला अकादमीने आणि रवींद्र भवनांनी आपापल्या संगीतवर्गांसाठी तंबोऱ्यांच्या जोड्या कारागिराला सांगून करून घ्याव्यात. खरेदी सर्वांत स्वल्प दराच्या निविदेने करू नये. वाद्य म्हणजे खुर्च्या नव्हेत. ज्या देवस्थानांत भजनी सप्ताह आणि संगीत समारोह होतात, त्यांनी एक जोडी देवळाची म्हणून ठेवावी. चांदीच्या मखरावर खर्च करणाऱ्या महाजनांना हा खर्च जड नाही. तारांनी घोडीवर खाचा पडतात आणि जवारी काही काळाने उतरतेच. तेव्हा मिरजेच्या जवारीकाराला वर्षातून दोनदा, पावसाळ्यापूर्वी आणि नंतर, फोंडा, मडगाव व पणजी येथे सन्मानाने बोलवावे. त्याच्यापाशी गोव्याच्या दोन होतकरू मुलांना बसवावे. आणि ज्या घरात मुलगी गाणे शिकते, त्या घराने तिच्या पहिल्या परीक्षेचे बक्षीस म्हणून तिला घेऊन मिरजेस जावे, कारागिरापुढे बसवावे आणि तिच्या पट्टीचा तंबोरा सांगावा.

स्वदेशी म्हणजे केवळ परदेशी मालाची होळी, असा एक गैरसमज आपल्याकडे रूढ आहे. होळी एका संध्याकाळची असते. कारागिराच्या दारी जाऊन आपणास काय हवे ते नेमके सांगणे, त्याला वेळ देणे, त्याचा दाम घासाघीस न करता मोजणे आणि वाद्य घरी आल्यावर ते वाजते ठेवणे, ही स्वदेशी वर्षानुवर्षे चालणारी आहे. मिरजेच्या कारागिराला आमच्या कौतुकाची टंचाई कधीच नव्हती. त्याला हवी आहे ती मागणी, आणि ती करण्यास कोणत्याही सरकारी ठरावाची वाट पाहावी लागत नाही.