व्यापाऱ्याचे पहिले दान

धनवान मनुष्य मरण पावला म्हणजे त्याच्या दानधर्माची यादी करण्याची आपल्याकडे चाल आहे. कोणत्या देवळाला कळस चढविला, कोणत्या घाटाला पायऱ्या बांधल्या, कोणत्या शाळेवर नावाची शिळा बसविली, हे सर्व मोठ्या आदराने सांगण्यात येते. परंतु ज्या धंद्यातून हे द्रव्य निघाले तो धंदा त्या गृहस्थाने कसा केला, हा प्रश्न विचारणे मात्र अशिष्टपणाचे समजले जाते. आमच्या मते हा क्रम उलटा आहे. व्यापाऱ्याचे पहिले दान त्याच्या दुकानातच व्हावयास पाहिजे. तेथे ते झाले नसेल, तर पुढची सारी दाने म्हणजे एकाच्या गाठीचे सोडून दुसऱ्याच्या ओंजळीत टाकणे होय. आमचे हे म्हणणे स्पष्ट होण्यास आमच्याच जालना जिल्ह्यातील एका उद्योजकाचे चरित्र फार उपयोगी पडेल. ‘महिको’ या बियाण्यांच्या कंपनीचे संस्थापक बद्रीनारायण बारवाले हे ते गृहस्थ होत. २४ जुलै २०१७ रोजी ते निवर्तले.

‘जालना सोने का पालना’ ही म्हण मराठवाड्यात सर्वांच्या तोंडी आहे. जालन्याचा हा लौकिक व्यापारावर उभा राहिला, आणि ज्या गावात पिढ्यान् पिढ्या माल घ्यावा व विकावा एवढाच उद्योग चालत आला, तेथे एखाद्याने नवा माल निर्माण करण्याचे मनात आणावे ही गोष्ट साधी नव्हे. बारवाले यांचे तरुणपण निजामी राजवटीत गेले. हैदराबादच्या मुक्तिलढ्यात त्यांनी भाग घेतला होता. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हे संस्थान मुक्त झाले, तेव्हा त्यांनी नुकताच विशीकडे पाय टाकला होता. कृषिशास्त्राची पदवी त्यांच्यापाशी नव्हती. शेती करावी, बाजार पाहावा आणि डोळे उघडे ठेवावेत, एवढेच त्यांचे भांडवल होते.

१९५९ च्या अखेरीस दिल्ली येथे जागतिक कृषिप्रदर्शन भरले. तेथे हजारो लोक गेले, दिवे पाहिले, यंत्रे पाहिली आणि घरी परतले. बारवाले परतले ते भेंडीचे बी घेऊन. दिल्लीच्या भारतीय कृषि संशोधन संस्थेने काढलेल्या ‘पुसा सावनी’ या वाणाचे ते बी होते. भेंडीच्या पानांच्या शिरा पिवळ्या पाडून सारे पीक बसविणारा जो हळद्या रोग, त्यास हा वाण त्या काळी चांगला टक्कर देई. बारवाल्यांनी ते बी स्वतःच्या शेतात लावले, पीक कसे येते ते पाहिले, त्याचेच बी धरले आणि मग ते इतरांस विकावयास काढले. वाचकांनी या क्रमाकडे लक्ष द्यावे. आधी आपल्या शेतात, मग दुसऱ्याच्या. पुढील साऱ्या व्यापाराचे बीज येथेच पडले, असे आम्ही समजतो.

१९६४ साली त्यांनी जालन्यास ‘महाराष्ट्र हायब्रीड सीड्स कंपनी’ काढली. ‘महिको’ हे तिचेच लघुनाम. त्याच वर्षी देशात संकरित ज्वारीचा व पुढील वर्षी संकरित बाजरीचा पहिला वाण प्रसृत झाला. सरकारचे राष्ट्रीय बीज निगम अवघे एक वर्षाचे होते आणि बियाण्यांचा कायदा व्हावयास अजून दोन वर्षे अवकाश होता. संकरित बी तयार करणे हे चिकाटीचे काम आहे. मादी वाणाच्या ओळी व नर वाणाच्या ओळी शेजारी शेजारी लावाव्या लागतात. परका पराग उडून येऊ नये म्हणून आसपासच्या त्याच पिकापासून बरेच अंतर राखावे लागते. वेगळे दिसणारे प्रत्येक झाड फुलण्यापूर्वीच उपटावे लागते. हे काम कारखान्याच्या छपराखाली होत नाही, शेतकऱ्याच्या रानातच होते. म्हणून या कंपनीने हजारो लहान शेतकऱ्यांस शिकवून बीजोत्पादक बनविले व त्यांचे बी विकत घेतले. दान शब्दाचा उच्चार न करता केलेले हे काम कित्येक देणग्यांहून मोलाचे ठरते.

बियाण्याचा धंदा इतर धंद्यांहून एका महत्त्वाच्या बाबतीत निराळा आहे. कापड हाताने चाचपून घेता येते, गूळ चाखून घेता येतो, धान्य मुठीत धरून पारखता येते; परंतु बियाण्याची पारख पैसे दिल्यानंतर आणि पेरणी झाल्यानंतरच होते, आणि ते खोटे निघाले तर पैसे परत मिळूनही गेलेला हंगाम परत येत नाही. त्यातही संकरित बियाण्याचा जोम पहिल्या पिढीपुरताच असतो. घरचे धान्य राखून पुन्हा पेरले तर पीक उतरते, म्हणून शेतकऱ्यास दरसाल दुकानाची पायरी चढावी लागते. जेथे गिऱ्हाईक इतके परस्वाधीन, तेथे विक्रेत्याचा प्रामाणिकपणा हाच मालाचा मुख्य गुण होय. जालन्याच्या बियाण्याने वर्षानुवर्षे गिऱ्हाईक जोडले ते या विश्वासावर. १९९८ साली बारवाले यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला आणि २००१ साली पद्मभूषण किताब मिळाला, त्याचेही मर्म हेच. जालन्यातील श्री गणपती नेत्रालय हे त्यांच्या लोकसेवेचे दृश्य स्मारक आहे. मोतीबिंदूने दृष्टी गेलेला मजूर दुसऱ्या दिवशी आपल्या पायांनी घरी जातो, या दानाची योग्यता आम्ही कमी लेखीत नाही. आमचे म्हणणे इतकेच की, हे दुसरे दान होय. पहिले शेतात झाले होते.

तथापि चरित्र सांगणे म्हणजे आरती ओवाळणे नव्हे. २००२ साली बीटी कपाशीस देशात परवानगी मिळाली. महिको व अमेरिकेची मोन्सँटो यांच्या भागीदारीतून ते वाण बाजारात आले आणि लवकरच बियाण्याच्या किमतीवरून मोठे रण माजले. ४५० ग्रॅमच्या पाकिटास सोळाशे रुपयांच्या वर दर पडू लागला, तेव्हा २००६ साली आंध्र प्रदेश सरकारने तो साडेसातशेवर आणविला. २०१२ साली टंचाई व चढे दर यांच्या तक्रारींवरून महाराष्ट्र शासनाने महिकोचा बीटी बियाणे विक्रीचा परवाना रद्द केला. पुढे २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने त्याच कपाशीची दैना केली, ती मराठवाड्यातील शेतकरी विसरलेला नाही. ज्या विश्वासामुळे एखादी पेढी मोठी होते त्याच विश्वासाच्या मापाने तिला पुढेही मोजले पाहिजे. संस्थापकाच्या पुण्याईवर वारसांना किंवा भागीदारांना सूट मिळत नाही. जो व्यापारी पहिले दान अधिक करतो त्याच्याकडून लोकांची अपेक्षाही अधिक असते, आणि तशी ती असावी.

आता हा विषय आपल्या मंठ्याच्या पेठेत आणू. २०२० च्या खरिपात मराठवाड्यात सोयाबीन न उगवल्याच्या हजारो तक्रारी झाल्या आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने त्यांची आपण होऊन दखल घेतली. आदल्या वर्षी काढणीच्या वेळी पावसाने बी भिजले होते हे खरे; परंतु भिजलेले बी पिशवीत भरण्याचे काम पावसाने केले नव्हते. दुकानदार म्हणतात, “आम्ही कंपनीचे शिवलेले पोते विकतो, आत काय आहे ते आम्हास काय ठाऊक?” हे उत्तर कायद्यापुरते कदाचित पुरे पडेल, पण नीतीस पुरे पडत नाही. सोयाबीनच्या शंभर दाण्यांपैकी निदान सत्तर उगवले पाहिजेत असे प्रमाण ठरलेले आहे, आणि ते पाहण्यास प्रयोगशाळा लागत नाही. ओल्या गोणपाटात शंभर दाणे ओळीने मांडावे, गुंडाळी करून सावलीत ठेवावी, ओल राखावी आणि आठवड्याने कोंब मोजावे. मृग निघण्यापूर्वी प्रत्येक लॉटमधील एका पिशवीचे दाणे असे पाहणे कोणत्या दुकानदारास अशक्य आहे?

मंठ्याच्या व्यापारी बंधूंस आमची सूचना आहे की, त्यांनी वर्गणी काढून बाजार समितीच्या आवारात मे महिन्यापासून उगवण पाहण्याची एक सोय करावी, आणि लॉटवार निकाल फळ्यावर लिहून ठेवावा. उधारीवर बी देताना रोखीचा व उधारीचा भाव वेगळा लावू नये, आणि लॉट क्रमांकासह पावती मागितली नाही तरी द्यावी. बियाणे नियंत्रण आदेशाने १९८३ पासून पावती बंधनकारकच आहे; तेव्हा त्यात उपकार कसला? याहून कठीण अशी एक गोष्ट मात्र आम्ही मुद्दाम शेवटी सांगतो. सोयाबीन हे आपल्याच परागाने फळणारे पीक आहे. संकरित बियाण्याप्रमाणे ते दरसाल विकत घ्यावे लागत नाही. घरचे निवडक, न भिजलेले बी उगवण पाहून दोन-तीन वर्षे खुशाल पेरावे, असा कृषिखात्याचाही सल्ला आहे. दारी आलेल्या गिऱ्हाइकास, “पाटील, घरचे बी चांगले उगवत असेल तर पिशवी घेऊ नका,” असे सांगणारा दुकानदार त्या दिवशी एक विक्री गमावील. पण तो शेतकरी कपाशीचे बी घ्यावयास त्याच्याच दुकानी येईल, आणि त्याचा मुलगाही येईल.

अशा दुकानदाराने पुढे गावात वाचनालय काढले, दवाखान्यास खोली बांधून दिली, तर त्या देणगीचा आम्ही आनंदाने गौरव करू. मात्र तिच्या आधी त्याच्या तागडीकडे आणि फळ्यावर लिहिलेल्या उगवणीच्या आकड्याकडे आम्ही पाहू, आणि मंठ्याच्या नागरिकांनीही तसेच पाहावे अशी आमची त्यांस आग्रहाची विनंती आहे.